माळ्यावरचे जेवले काय?

गेली आठ-नऊ वर्षं मी एक भुताची गोष्ट लिहायला घेतेय आणि दरवेळी दुसऱ्या पानावर ती बसकण मारते. विनोदी लिहायचीय, म्हणजे जुनं घर, पाऊस, कंदील, रात्री वाजणारी पावलं आणि घाबरून एकमेकांच्या अंगावर पडणारी माणसं असा सगळा मसाला. सामान शोधायला कुठे जायला नको, घरचंच आहे. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना आरवलीच्या थोडं अलीकडे आत वळलं की आमचं घर, चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे खळं, म्हणजे अंगण, मग लोटा (भांडं नव्हे, घराचा पुढचा भाग), मग वळई आणि माजघर, आणि त्यावर अख्ख्या घराच्या लांबीचा माळा. त्या माळ्यावर भूत आहे हे मला बाराखडीच्या आधीपासून माहितीय. भूत तयार, घर तयार, तरी गोष्ट होत नाही, कारण पात्रं ऐकत नाहीत.

पहिल्या खेपेला मी एक शहरातला डॉक्टर आणला. पावसाळी रात्र, एसटी चुकलेली, तो भिजत आमच्या घराशी येतो, वीज चमकते आणि दार करकरत उघडतं. भाऊकाकाला वाचायला दिलं. भाऊकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, हायस्कुलात तेहतीस वर्षं सायन्स शिकवून रिटायर झालेला, आणि आमच्या घरातला भूत न मानणारा एकमेव माणूस. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "पावसात दार करकरता? खयच्या गावात?"

बरोबरच होतं त्याचं. आमच्याकडे जून लागला की लाकूड असं फुगतं की दारं करकरत बिरकरत नाहीत, ती लागतच नाहीत, आणि चुकून लागलीच तर उघडायला खांदा लावावा लागतो, म्हणजे बाहेरनं डॉक्टर ढकलतोय आणि आतनं भूत ओढतंय असा सीन झाला असता. (हा खरंतर चांगला झाला असता, तेव्हा सुचलं नाही.) पण काका तेवढ्यावर थांबला नाही. म्हणाला, हा डॉक्टर आमच्या दारापर्यंत पोचलाच कसा? पाणंदीच्या तोंडाशी पहिलं घर आहे, त्यांचा कुत्रा आहे, मग दुसरं घर, तिथली म्हातारी रात्री बारा वाजतासुद्धा "कोण रे तो? कोणाचो तू?" विचारल्याशिवाय कोणाला पुढे सोडत नाही. तिसऱ्या घरापर्यंत त्याचं गाव, आडनाव, आईचं माहेर सगळं निघालं असतं आणि चौथ्या घरी तो कोणाचातरी मावसभाऊ निघून जेवायला बसला असता. आमच्यापर्यंत आलाच नसता तो.

म्हणजे बघा, अडलं कुठे ते. विलायती पद्धतीची जी वाड्यातली भुतं असतात त्यांची गोष्ट परक्या माणसावर चालते. कोणीतरी अनोळखी येतो, त्याला काही ठाऊक नसतं, त्याच्या डोळ्यांनी आपण घाबरत जातो. आमच्या गावात अनोळखी माणूस बनवायचा तरी कुठून? घरात जो येतो तो हिस्सेदार असतो. आणि हिस्सेदार भुताला घाबरत नाही, तो भुताचा हिस्सा किती ते विचारतो.

आता आमच्या भुताबद्दल सांगते, कारण मुख्य पात्र तेच आहे आणि तेच सगळ्यात अवघड आहे.

ते माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. त्यांना घरात कोणी नावाने हाक मारत नाही, "माळ्यारचे" म्हणतात. परसात एक कापा फणस होता, दोन भावांच्या बरोब्बर हद्दीवर, त्याच्या फळांवरून दोघांत वाजलं आणि धाकट्याने अबोला धरला. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून वेगळी चूल मांडली. पण मांडणार कुठे, घर तर एकच, तर हे गृहस्थ भांडीकुंडी घेऊन माळ्यावर गेले. माळ्यावर चूल! वर वासे, खाली लाकडी तक्तपोशी, त्यात सुक्या झावळ्या आणि शेणी रचलेल्या. आजी म्हणायची की तुझे पणजोबा रोज रात्री पाण्याचा हंडा उशाशी घेऊन झोपायचे, भावाशी बोलायचं नाही पण भावाने घर पेटवलं तर विझवायला. असं काही वर्षं चाललं, आणि ते तसेच, अबोल्यातच, एका पावसाळ्यात वरच्या वर गेले. लग्न झालेलं नव्हतं, मागे कोणी नाही. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा पणजोबांनी हात जोडून "फणस तुझो" असं सांगितलं म्हणे, तरी शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. आजीचं मत असं की फणस द्यायला फार उशीर झाला होता, हंगाम संपून गेला होता.

तर आमचं भूत कोणाला घाबरवत नाही. ते रुसलंय. पांढरं दिसत नाही, किंचाळत नाही, साखळ्या वाजवत नाही, त्याने अबोला धरलाय आणि ते वर स्वतःचा स्वतः भात शिजवतं.

हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. रात्री दीड-दोनच्या सुमाराला माळ्यावर पावलं वाजतात, हलकी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग खाली माजघरात भात शिजल्याचा वास येतो. साधासुधा नाही, चांगला सुगंधी तांदूळ. लहानपणी आम्ही मे महिन्यात दहा-बारा पोरं माजघरात ओळीने झोपायचो आणि तो वास आला की अंधारात कोणीतरी कोणाचातरी हात धरायचं. अजून मला कुठल्या लग्नात बासमतीचा वास आला की आधी पोटात गोळा येतो आणि मग भूक लागते. माझी बायआत्या मात्र पडल्या पडल्या कुरकुरायची, "आमका उकडो आणि ह्यांका बघ, आंबेमोहोर."

आजीची व्यवस्था चोख होती. संध्याकाळी दिवा लागला की दोन केळी पानावर ठेवून शिडीच्या वरच्या पायरीवर. सकाळी केळी गेलेली, सालं राहिलेली. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती भांडी विसळताना वर न बघता विचारायची, "माळ्यारचे जेवले काय गो?" आणि आत्या म्हणायची, "जेवले असतले." रोज. जसं गोठ्यात पाणी ठेवलं का विचारावं तसं. केळीच का, तर आरवलीच्या वेतोबाला केळीच वाहतात, घडच्या घड, आणि वेतोबाला चालतात तर ह्यांना न चालायला काय झालं.

वेतोबाचं आलंच आहे तर सांगते. वेतोबाला चपला पण वाहतात. चामड्याच्या, भल्यामोठ्या, माणसाच्या पायाच्या मापाच्या नाहीतच. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. मी पाच-सहा वर्षांची असताना त्या चपलांची रास पहिल्यांदा बघितली आणि देवाकडे बघायचं राहिलंच, मी आपली त्या चपलांत आमच्या घरातली किती पोरं मावतील ते मोजत बसले. भाऊकाकाने तिथे, देवळात, मला झीज आणि घर्षण समजावून सांगायला घेतलं होतं. आजीने त्याला नजरेने गप्प केला. पण मला ते पटलं होतं, घर्षण पण आणि देव पण. चालला तर झिजणारच ना.

दुसरी एक भीती दशावताराची. जत्रेत रात्रभर नाटक, पेट्रोमॅक्सचा पांढरा उजेड, आणि सुरुवातीला संकासुर येतो, काळा अंगरखा, डोक्यावरून काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद पळवणारा राक्षस आहे तो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी आईच्या पदरात अशी घुसले की पदर टरकला. आणि मग तो बोलायला लागला, तर आमच्या शेजारच्या काकांसारखं मालवणीत! कोणाच्या लग्नात वाढताना मटण कमी पडलं, कोणाचा मुलगा मुंबईला जाऊन गाव विसरला, असं सगळं गावातलं, आणि लोक पोट धरून हसतायत. मी पदरातनं एक डोळा बाहेर काढला. जीभ तेवढीच लाल होती, भीती तशीच होती, पण आता ती भीती आपल्यातली झाली होती. माझ्या गोष्टीत मला नेमकं हेच पाहिजे आणि हेच जमत नाही. प्रमाण मराठीत लिहिलं की भूत पाठ्यपुस्तकातनं आल्यासारखं वाटतं, मालवणीत लिहिलं की ते लगेच चहाला बसतं.

काकाकडे परत येते, कारण विनोदी भूतकथेत भूत न मानणारा माणूस लागतोच, त्याच्याशिवाय घाबरायला मजा नाही. पण साध्या गोष्टीत तो शेवटी घाबरून पळतो आणि हशा होतो. आमचा काका पळणाऱ्यातला नाही. त्याच्याकडे तीन सेलचा टॉर्च असायचा, तो घेऊन तो दर मे महिन्यात एकदा माळ्यावर "इन्स्पेक्शन" ला जायचा आणि वह्या-पेन्सिल घेऊन नोंदी करायचा. रात्री उन्हाने तापलेले वासे थंड होताना आकसतात आणि टकटक वाजतात. माडाचं कोवळं फळ कौलावर पडलं की असा आवाज होतो की साक्षात यमदूत उतरला. चिरका श्वास घेतल्यासारखा जो आवाज येतो ते गव्हाणी घुबड. सगळ्याचा हिशेब लागला, फक्त भाताचा लागेना. ह्या भाताने त्याला कितीतरी वर्षं छळलं. शेवटी कुठल्याशा मासिकात त्याला सापडलं की कांडेचोराच्या, म्हणजे ज्याला उदमांजर म्हणतात त्याच्या अंगाला जो वास असतो त्यात तेच द्रव्य असतं ज्यामुळे बासमतीला वास येतो. टू-ॲसिटाइल-वन-पायरोलीन. हे नाव त्याने पाठ केलं आणि गणपतीला सगळं घर जमलेलं असताना, आरती झाल्या झाल्या, प्रसाद हातात असताना जाहीर केलं. केळी खाणारं तेच, पावलं त्याचीच, भात पण त्याचाच.

सगळे आजीकडे बघायला लागले. आजी खिरापत वाटत होती. म्हणाली, "असात. मगे त्येका जेवक ह्यांनीच घातल्यानी असात."

काकाने कपाळाला हात लावला. त्या दिवशी मला कळलं की आजीशी वाद घालण्यापेक्षा भुताशी घातलेला बरा, आणि काकाने तेच केलं. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा तो आख्खा कायदा प्रिंट काढून घेऊन आला, आणि एका रात्री शिडीखाली उभा राहून त्यातली कलमं मोठ्याने वाचली. कोणाला ऐकवत होता कोण जाणे, आजी तोवर राहिली नव्हती आणि आम्ही सगळे झोपायचं सोंग करत होतो. वर पावलं थांबली होती हे मात्र मी शपथेवर सांगते. कांडेचोर बिचारा आवाजाने दबकला असेल. किंवा कायद्याने.

काकाची अजून एक जखम आहे आणि ती मीच केलीय. मला एक जुनं इंग्रजी पुस्तक नेटवर मिळालं, १९१५ चं, कोकणातल्या लोकसमजुतींचं. एन्थोवेन नावाच्या साहेबाने संकलित केलंय पण मूळ सामान गोळा केलेलं ए. एम. टी. जॅक्सनचं. हा जॅक्सन म्हणजे तोच, नाशिकचा कलेक्टर, २१ डिसेंबर १९०९ ला शारदा नाटकाच्या वेळी ज्याला अनंत कान्हेरेने गोळी घातली. कान्हेरे आपल्या खेड तालुक्यातला. म्हणजे ज्या माणसाने कोकणातली भुतं गोळा केली त्याचा शेवट कोकणातल्याच पोराच्या हातून झाला. कारण वेगळं होतं, राजकीय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण वाचताना मला थोडा काटा आलाच. तर त्या पुस्तकात भुतांची यादीच आहे. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, वीर, चेडा, बायकांत जखीण, लावसट, हडळ. आणि बऱ्याच जणांची जात ठरलेली. मुंजा ब्राह्मणाचाच मुलगा, झोटिंग खारवी नाहीतर कोळी, बाळंतपणात मेलेली ती हडळ, विधवा ती लावसट. म्हणजे बाईचं भूत नवऱ्याच्या आणि मुलाच्या हिशेबानेच ठरणार, आणि बाकी बऱ्याच जणांचं जातीच्या. माणूस मेला तरी रेशनकार्ड तसंच. हे वाचून मला हसू येतं म्हणावं तर येत नाही.

पण जखम ही नाही. जखम अशी की ही सगळी माहिती पाठवली कोणी? गावोगावच्या शाळामास्तरांनी! प्रश्नावली त्यांच्याकडे गेली होती आणि नोंदींखाली अमुक गावचा स्कूलमास्तर, तमुक गावचा स्कूलमास्तर असंच लिहिलंय. काकाला मी हे दाखवलं तर तो किती वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मास्तरांनी लिवल्यानी?" जसं काही वर्गातल्या स्कॉलर मुलाला कॉपी करताना पकडलं. नंतर रात्री मी पाणी प्यायला उठले तर हा माणूस माझा फोन नाकाला लावून यादी वाचत होता, आपले माळ्यारचे कशात बसतात ते बघत. बसत नाहीत. मुंजा म्हणावं तर वय जास्त, देवचार म्हणावं तर तो गावाच्या सीमेवर राहणारा राखणदार, हे तर घर सोडत नाहीत, समंध म्हणावं तर तो ठेव्यावर बसतो असं लोक म्हणतात आणि आमच्या माळ्यावर ठेवा कसला, पत्र्याच्या दोन ट्रंका आणि कोणाच्यातरी लग्नातली मोडकी खुर्ची. रुसलेला काका ह्या नावाची कॅटेगरी त्या पुस्तकात नाही. कोकणात प्रत्येक घरात एक असतो, मास्तरांच्या नजरेतनं कसा सुटला काय माहिती.

आता खरी भानगड.

१९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता घर सारखं उघडं राहील. एसटीने रात्रभर कंबर मोडत यायला नको, संध्याकाळी बसलो की सकाळी सावंतवाडी रोड. पण झालं काय, गाडी जाते त्याच वेगाने येते पण. चार दिवस गणपती, तीन दिवस शिमगा, मे महिन्यात आठवडा, बाकी दिवस घराला कुलूप आणि शेजारच्यांकडे चावी. आजी गेली, मग बाबा गेले, आणि बाबांच्या नंतर माझं आणि बहिणीचं नाव लागलं तेव्हा मी पहिल्यांदा तो सातबारा नीट वाचला. सत्तावीस नावं. डोंबिवली, नालासोपारा, पुणे, बडोदा, एक जण मस्कतला. आणि त्या सत्तावीसात एक नाव माळ्यारच्यांचं.

म्हणजे बघा, त्यांना वारस नाही, त्यामुळे वारसनोंद करायला कोणी गेलं नाही, मृत्यूचा दाखला कधी काढला नाही, आणि कागदोपत्री माणूस जिवंत आहे. घरात राहणारा एकमेव हिस्सेदार, आणि तो पण कायदेशीर!

हे कळलं तेव्हा घर विकायची बोलणी चालू होती. गिऱ्हाईक होतं, त्यांना हेरिटेज होमस्टे करायचा होता, बाथरूमं काढणार होते, खळ्यात टेबलं मांडणार होते. मधला दलाल फार गोड माणूस. त्याने आधी आम्हाला हळूच विचारलं, लोक म्हणतात ते खरं आहे का हो, वर काहीतरी आहे म्हणून? काका छाती काढून म्हणाला, छे छे, असलं काही नसतं, कांडेचोर आहे. दलालाचा चेहरा पडला. आम्हाला वाटलं सुटला असेल, तर म्हणतो, नाही, असतं तर बरं झालं असतं. आता लोकांना तेच हवंय. सावंतवाडीजवळ आकेरीला एका घरात भुताच्या मालिकेचं शूटिंग झालं तर लोक गाड्या करून ते घर बघायला जातात. पार्टी म्हणतेय की भूत असेल तर वर चार पैसे द्यायला तयार आहोत.

असा पेच मी कुठल्या गोष्टीत वाचला नव्हता. उभा जन्म भूत नाही म्हणून भांडलेला माणूस, आणि आता नाही म्हटलं तर सत्तावीस जणांचं नुकसान! बडोद्याच्या चुलतभावाने ग्रुपवर लिहिलं, काका तत्त्व बाजूला ठेवा. मस्कतवाल्याने अंगठा दाखवला. काका नुसता येरझाऱ्या घालत होता, वळईतनं खळ्यात, खळ्यातनं वळईत. शेवटी बायआत्या, जी आतापर्यंत कोपऱ्यात बसून सोलं निवडत होती, ती म्हणाली, "हत ना. वर हत ते. पण त्यांका आमी भाड्यान देणव नाय."

दलालाने ते हसण्यावारी नेलं. पण पुढे सह्यांचा विषय आला आणि सव्वीस सह्या जमवता येतील असं ठरलं, कटकट होती ती सत्ताविसाव्याची. काकाला मुखत्यार केलेलं, त्यामुळे तो तालुक्याच्या ठिकाणी एका ऑफिसात खेटे घालायला लागला. माणूस मेलाय हे सिद्ध करायचं होतं. तिथल्या बाईंनी विचारलं, मेले कधी? काका म्हणाला, माझ्या जन्माच्या आधी. पुरावा काय? पुरावा नाही. मग मेले कशावरून? काका परत आला तो घामाघूम. म्हणाला, "मी तेहतीस वर्षां पोरांका शिकवलंय की मेलेलो माणूस परत येणा नाय, आणि ती बाई माका विचारता, गेलो कशावरसून?" मी हसायला लागले आणि मग तोही हसला, डोळ्यात पाणी येईपर्यंत.

त्याच मे महिन्यात माझ्या भाच्याने माळ्यावर कॅमेरा लावला. सिमकार्डवाला, अंधारात दिसणारा, काही हललं की फोनवर मेसेज येतो असा. काकाचा उत्साह बघण्यासारखा होता, आता सगळ्यांना कांडेचोर दिसेल म्हणून. आणि दिसला. दुसऱ्याच रात्री दोन वाजून काही मिनिटांनी, हिरवट उजेडात, लांब शेपटीचा, डोळे चमकणारा, शांतपणे दोन केळी सोलून खाऊन वाशावरून चालत गेला. सालं मागे टाकून. ग्रुपवर व्हिडिओ पडला, टाळ्या झाल्या, आत्याने तो तीन वेळा बघितला आणि म्हणाली, "वाळलेत गो." म्हणजे बारीक झालेत. मी विचारलं कोण, तर माझ्याकडे बघून ती नुसती हसली.

निघायच्या आदल्या रात्रीचा एक व्हिडिओ मात्र ग्रुपवर पडला नाही. भाच्याने तो फक्त मला दाखवला, आणि मग आम्ही दोघांनी तो डिलीट केला, त्यामुळे तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पावणेबाराला शिडी हलते. टॉर्चचा उजेड येतो. भाऊकाका गुडघे धरत वर येतो, पानावर केळी ठेवतो, दोन नाही, चार. मग टॉर्च बंद करतो आणि तिथेच ट्रंकेवर बसतो. बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू आवाजात, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला कोणाला न कळता उत्तर सांगावं तशा आवाजात म्हणतो, "काय घाई नाय हां. तुमी सही करू नकात."

मी तो व्हिडिओ दोनदा बघितला. भाच्याने विचारलं, मावशी, आता गोष्टीत हे घेशील? मी म्हटलं बघू. काका माझं काही वाचत नाही, असं तो म्हणतो. भूत नाही असंही तोच म्हणतो, त्यामुळे ह्यावर किती विसंबायचं ते मला ठाऊक नाही.

घर अजून आहे. व्यवहार "कागदपत्रांअभावी" राहिलाय, गिऱ्हाईकाने दुसरीकडे कुठेतरी घर घेतलं म्हणे, तिथे भूत आहे का विचारायला पाहिजे. दाखल्याचं काम काकाने अजून सोडलेलं नाही, तो दर दोन महिन्यांनी न चुकता जातो आणि दरवेळी एक कागद घरी विसरून जातो. माझी गोष्ट दुसऱ्या पानावर आहे. डॉक्टर काढून टाकला, त्याच्या जागी दलाल घातला, तर तोही पाचव्या ओळीला ओळखीचा निघाला.

शेजारच्यांना आम्ही महिन्याचे केळ्यांचे पैसे पाठवतो. कॅमेरा चालू आहे, कधी रेंज असते कधी नसते. परवा रात्री डोंबिवलीत मला झोप येत नव्हती, बाहेर पाऊस होता, आणि दोन वाजता फोन उजळला. माळ्यावर काहीतरी हललं होतं. चित्र उघडायच्या आत ग्रुपवर काकाचा मेसेज आलेला होता. एवढ्या रात्री हा माणूस फोन हातात घेऊन बसला होता तर.

"जेवले," एवढंच लिहिलं होतं.